मोहमाळचे सात अंगठे

डाळ मिलमध्ये शनिवारी मुकादम शाईचा डबा पुढे सरकवतो आणि दर शनिवारी माझं डोकं फिरतं. बाकीच्या बाया पटकन अंगठा टेकवतात, पदराला पुसतात आणि घराकडे सुटतात. मी आपली त्या डब्याकडे बघत उभी. आमचा मुकादम रुपचंदभाऊ आज हसून म्हणाला, "रुपलीबाई, अंगठाच मागतोय, किडनी नाही मागत." सगळ्या फिदीफिदी हसल्या. मीही हसले. मग म्हटलं, बस इथं, आज तुला सांगूनच टाकते. अर्धा तास थांबलास तर तुझी डाळ काही सडत नाही.

तुम्ही जळगावची माणसं. तुम्हाला सोनं कळतं, डाळ कळते, पाइप कळतात. डोंगर कळत नाही, त्याला तुमचा इलाज नाही. आमचं मोहमाळ धुळे जिल्ह्याच्या पार टोकाला. धुळ्याहून साक्री, साक्रीहून पिंपळनेर, पुढे एसटी जिथून मागं वळते तिथं उतरायचं आणि दोन तास चढायचं. चाळीस घरं. तिथल्या चार एकरांवर मी आणि माझा माणूस आमश्या नागली, उडीद, खुरासणी पेरायचो. दगड आम्ही वेचले, बांधाच्या ताली आम्ही घातल्या, माझ्या सासऱ्यानं त्याच रानात जीव सोडला. पण सरकारच्या पुस्तकात ती जागा जंगल होती आणि आम्ही चोर होतो. दरवर्षी पेरणीला गार्ड यायचा, कोंबडी न्यायचा, शिव्या देऊन जायचा. एवढ्यावर भागत होतं तोवर आम्ही सोसलं.

एक्क्याऐंशी साली मात्र हुकूम आला की मोहमाळच्या शेतांतून चर खणायचे आणि झाडं लावायची. शेतं खाली करा, म्हणे. कुठं जा, ते काही सांगितलं नाही.

तेव्हा पिंपळनेरचे जीवरामभाऊ आमच्याकडे आले. शिकलेला माणूस, घरची बागायत, गळ्यात शबनम पिशवी. आमच्या अंगणात बसून आमची भाकरी खायचे, आमच्या पोरांची नाकं पुसायचे. खोटं कशाला बोलू, देवमाणूस वाटायचा. आम्हाला 'अहो' म्हणणारा तो पहिला माणूस. ते म्हणाले, "तुम्ही चोर नाही. सरकार चोर आहे." हे असं कुणी मोठ्यानं बोलू शकतं हेच आम्हाला माहीत नव्हतं. पंधरा दिवसांत बावीस पाडे उठले. तालुक्याच्या कचेरीवर मोर्चा नेला तेव्हा पुढचं टोक गावात शिरलं होतं आणि मागचं टोक अजून नदीत होतं. पोरं कडेवर घेतलेल्या बाया होत्या, म्हातारे होते. "नांगर आमचा, जमीन आमची" ओरडून ओरडून माझा घसा आठ दिवस बसला होता. लाठ्या पडल्या, डोकी फुटली, पण परत येताना आम्ही गाणी म्हणत आलो. तसं सुख मला पुन्हा मिळालं नाही, हे आत्ताही सांगते.

जंगलखात्याची एक रीत होती. गार्ड गुन्ह्याचा कागद करायचा. अमक्यानं तमक्या ठिकाणी एवढं रान नांगरलं, असं लिहायचा आणि खाली अंगठा घ्यायचा. आम्हाला वाटायचं, अंगठा दिला म्हणजे चोरी कबूल केली, उद्या ह्याच कागदावर हाकलतील. जीवरामभाऊंनाही तसंच वाटत होतं, की त्यांनीच आम्हाला तसं वाटायला लावलं, आता काय ते सांगता येत नाही. त्यांनी सांगितलं की एकजण फुटला तर बावीस पाडे फुटतील. मग आम्ही सगळ्यांनी वाघदेवापुढे नागलीचे दाणे मुठीत घेऊन शपथ घेतली. सरकारच्या कागदावर अंगठा द्यायचा नाही. जो देईल त्याच्या घरचं पाणी बंद, त्याच्या दारात ढोल वाजायचा नाही. आमच्यात ही शपथ मोडत नाहीत. शपथेचे शब्द पुढे म्हणत होता आमश्या, आणि त्याच्यामागे सगळं गाव.

पाऊस लागला आणि चर खणायला मजूर आले. आमचे सात गडी आडवे झाले, आमश्या सर्वांत पुढे. पोलिसांनी सातही उचलले आणि धुळ्याच्या तुरुंगात नेऊन घातले. मी राहिले शेतावर एकटी. ऐका, एकटी. मजूर कुदळ उचलायचे आणि मी चरात जाऊन निजायचे. एका नव्या गार्डनं काठी घातली, हे मनगट तेव्हाचं. वाकडं बसलं ते बसलंच. म्हणून तर सूप धरताना मला वेळ लागतो आणि तुम्ही बोंब मारता.

दुसरा एक म्हातारा गार्ड होता, तो तीनदा माझ्याकडे आला. म्हणाला, "बाई, अंगठा देऊन टाक. गुन्हा नोंदवतो नि जातो. कधी काळी तुझ्याच कामाला येईल हा कागद." मी त्याच्या बुटावर थुंकले. त्यानं पानानं बूट पुसला आणि गेला.

त्याच महिन्यात मोतीबाईनं अंगठा दिला.

मोतीबाई आमची शेजारीण. विधवा बाई, एक पोरगी, एक बैल. दुसरा बैल सावडीत माझा, दोघींनी मिळून नांगरायचं. तिचा बैल गार्डांनी धरून नेला आणि पेरणीच्या तोंडावर आठ दिवस कोंडून ठेवला. तिनं अंगठा दिला आणि बैल सोडवून आणला. बस, एवढंच. गावाला कळलं तेव्हा म्हातारे म्हणाले, बाईमाणूस आहे, एकटी आहे, जरा सबुरीनं घ्या. मी म्हटलं, सबुरी कसली? माझा माणूस तिकडं कोठडीत आहे, माझं मनगट मोडलंय, आणि हिला बैल मोठा? मी स्वतः गेले तिच्या दारात. तिचीच घागर उंबऱ्यापुढे उपडी केली. आमच्याकडे घागर उपडी केली की त्या घरचं पाणी बंद. ती दारात उभी होती, पोरगी तिच्या मागं. नुसती माझ्याकडे बघत राहिली. मला तिचा आणखीच राग आला.

तीन वर्षांनी तिच्या पोरीचं लगीन झालं. वऱ्हाड आलं आणि गाव घरात बसून राहिलं. ढोलवाला वरच्या पाड्याचा, तो चोरून येणार होता म्हणे. मी त्याला वाटेतच गाठून परत पाठवला. बिनढोलाचं लगीन लागलं. अकरा वर्षं मी त्या बाईशी बोलले नाही. आमच्या दोघींच्या शेतांत एकच बांध होता.

आता सातजण कसे सुटले ते ऐका. पाच महिन्यांनी, दिवाळीनंतर, निरोप आला की सरकार नमलं. जीवरामभाऊ स्वतः सांगायला आले. "बिनशर्त सुटका! खटला मागं घेतला! चर बंद!" आणि खरंच चर बंद झाले. आम्ही पिंपळनेरच्या स्टँडवर ढोल घेऊन गेलो. सातजण एसटीतून उतरले, दाढ्या वाढलेल्या, डोळे खोल गेलेले. मी आमश्याला हार घातला. त्यानं माझ्या कानाशी तोंड आणलं आणि म्हणाला, "घरी चल ना आधी. माले तुले काही सांगानं शे." तुला काही सांगायचं आहे, म्हणत होता. मी म्हटलं, सांग मग, आख्खी रात्र पडली आहे. तेवढ्यात पोरांनी त्याला खांद्यावर उचललं. सभा झाली. जीवरामभाऊंनी त्याचा हात वर केला आणि लोकांना दाखवला. "हा हात बघा! पाच महिने सरकारनं ह्याच्यापुढे कागद धरला, ह्या हातानं अंगठा दिला नाही!" काय टाळ्या पडल्या म्हणता! मी रडत होते. घरी गेल्यावर मी विचारलं, काय सांगणार होतास? तो म्हणाला, "काही नही. थकी गऊ." थकलो, म्हणाला. मी त्याचे पाय चेपले.

त्या हातावर जीवरामभाऊ जिल्हा परिषदेत निवडून आले. पुढे कमिट्या आल्या, जीप आली. आमच्याकडे येणं कमी झालं, पण निवडणुकीला न चुकता यायचे आणि आमश्याला शेजारी बसवायचे. आमश्या बसायचा. बोलायचा नाही. लोक म्हणायचे, तुरुंगानं गडी अबोल झाला. मीही तेच म्हणायचे, आणि मला त्याचा अभिमान वाटायचा.

ब्याण्णव साली नवा हुकूम आला. जुन्या काळापासून जे कसतात त्यांच्या नावावर जमीन करायची. पुरावा काय? तर जुना गुन्ह्याचा कागद, आणि तो नसेल तर पंचांची साक्ष. ऐकून आम्ही एकमेकांची तोंडं बघत राहिलो. गुन्ह्याचा कागद! जो द्यायचा नाही म्हणून आम्ही देवापुढे दाणे मुठीत धरले, तोच आता जमीन देणार! आख्ख्या मोहमाळात तो कागद होता एकटीकडे, मोतीबाईकडे. गावात दोन दिवस कुणी कुणाशी नीट बोललं नाही.

मग जीवरामभाऊंचा माणूस आला. घाबरू नका, म्हणे, पंच म्हणून भाऊंची साक्ष चालते, भाऊंनी यादी दिली आहे. मी तर निर्धास्त होते. कागद नाही तर नाही. माझा माणूस ह्याच चार एकरांपायी तुरुंगात जाऊन आला, ह्याहून मोठा पुरावा कुठला? आमश्या मात्र अर्ज द्यायला जाईना. आज पोट दुखतं, उद्या बैल आजारी आहे. मी त्याला नाही नाही ते बोलले. म्हटलं, मोतीबाई जमीन घेईल आणि तू पोट धरून बस. शेवटी मीच तलाठ्याकडे जाऊन अर्ज लिहवून घेतला आणि त्याचा अंगठा लावायला घरी आणला. त्यानं अंगठा लावला आणि लगेच मातीत घासून पुसला. मला वाटलं, शपथेची आठवण झाली असेल. मी त्याला म्हटलं, आता काही पाप नाही रे, आता जमाना बदलला.

शाळेच्या मैदानात मंडप घातला होता. बावीस पाड्यांची माणसं. स्टेजवर तहसीलदार, जीवरामभाऊ आणि नावं वाचणारा कारकून. भाऊंचे केस पांढरे झाले होते, अंगावर कडक इस्त्री. मला ओळखून हात जोडले. मी पुढेच बसले होते, नवं लुगडं नेसून. आमश्या मागं भिंतीला टेकून बसला, पुढे यायला तयार नव्हता.

मोहमाळची नावं सुरू झाली. पहिलंच नाव मोतीबाईचं. "गुन्ह्याची नोंद आहे. मंजूर." ती गेली, कागद घेतला, आली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग कारकून म्हणाला, "आमश्या दाद्या. नामंजूर." आणि पान उलटलं.

मी उभी राहिले. म्हटलं, "साहेब, चुकलं तुमचं. परत वाचा."

"नामंजूर, बाई. बसा."

"अहो, ह्याच जमिनीपायी माझा माणूस पाच महिने तुरुंगात होता! विचारा भाऊंना, शेजारीच बसलेत."

कारकून बिचारा चांगला होता. त्यानं फाइल काढली, चष्मा पुसला. म्हणाला, "हो, तुरुंगाचंच लिहिलंय. एक्क्याऐंशी साल. ह्या जमिनीवरचा कब्जा मी राजीखुशीनं सोडत आहे, पुन्हा तिथं पाय ठेवणार नाही. सात कागद आहेत, सात जणांचे. हा तुमच्या माणसाचा अंगठा." त्यानं फाइल वळवून माझ्यापुढे धरली.

मला वाचता येत नाही. पण अंगठा मला वाचता येतो. आमश्याच्या अंगठ्यावर कुऱ्हाडीचा जुना घाव आहे, मधोमध आडवा. त्या निळ्या डागात ती आडवी पांढरी रेघ होती. दहा हजार अंगठ्यांत मी तो ओळखला असता. खाली एक सही होती, लफ्फेदार. मी विचारलं, ही कुणाची? कारकून भाऊंकडे बघून जरा घुटमळला. मग म्हणाला, "साक्षीदार म्हणून भाऊंची आहे."

म्हणजे चर बंद झाले ते सरकार नमलं म्हणून नाही. शेतं कागदावर आधीच सरकारला मिळाली होती, खणायची घाई कशाला? अकरा वर्षं मी दुसऱ्याच्या जमिनीत घाम गाळत होते आणि स्वतःला जिंकलेली समजत होते.

मी जीवरामला म्हटलं, भाऊबिऊ नाही, सरळ जीवराम म्हटलं, "हे खरं आहे का?"

तो उठून स्टेजच्या कडेला आला. आवाज खाली घेऊन म्हणाला, "रुपलीबाई, चळवळ म्हणजे कधी पुढे, कधी मागे. पोरं आत खंगत होती. मी त्यांना म्हटलं, कागदावर सोडा, जमिनीवर सोडू नका. कागदाला कोण विचारतो? तेव्हा तेच शहाणपणाचं होतं."

"आणि तो हात वर करून दाखवलास तो?"

"लोकांचा धीर खचला असता."

"आणि तुझी निवडणूक?"

तो वळून आपल्या खुर्चीकडे निघाला. मी स्टेजवर चढायला निघाले. काय करणार होते देव जाणे. चप्पल हातात होती एवढं आठवतं. तेव्हा मागून कुणीतरी माझा पदर धरला. वळून बघते तर आमच्याच गावची माणसं. माझी चुलत जाऊ, तिचा नवरा, सगळी ओळखीची तोंडं. जाऊ म्हणाली, "खाले बस ना वं माय. आमनं नाव आते येवाले शे." खाली बस ग बाई, आता आमचं नाव येणार आहे. दुसरा म्हणाला, यादी भाऊंच्या हातात आहे, उगाच वाकडं घेऊ नको. ज्यांच्यासाठी ते सात जण आत गेले, ज्यांच्यासाठी मी चरात निजले, ती माणसं मला खाली ओढत होती. आणि त्यांचं खरं होतं. बत्तीस नावं यादीत होती, बत्तीसही मंजूर झाली. आमची सात तेवढी गळाली. दर नावाला टाळ्या पडल्या.

मी मंडपाबाहेर आले तर मोतीबाई नळाशी उभी होती, कागद छातीशी धरून. अकरा वर्षांनी ती माझ्याशी बोलली. तिचा आवाज मी विसरूनही गेले होते. म्हणाली, "मना अंगठा तुमले दिसना. त्याना नही दिसना." माझा अंगठा तुम्हाला दिसला, त्याचा नाही दिसला. ओरडली नाही, रडली नाही. हसली असती तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. ती चालू लागली.

घरी जाताना चढावर मी आणि आमश्या दोघंच होतो. मी पुढे, तो मागं. अर्ध्या चढावर मी थांबले आणि विचारलं, "तुला मारलं का रे तिथं?"

"नही."

"उपाशी ठेवलं?"

"नही."

"मग का?"

तो दगडावर बसला. म्हणाला, मला घरी यायचं होतं. रात्री भिंतीकडे तोंड करून निजायचो, आणि वाटायचं उठलो की शेत दिसेल. जीवरामभाऊ आले, म्हणाले सगळे देतायत, तू पण दे. मी दिला. एवढंच, रुपली. मला घरी यायचं होतं.

मारलं असतं तर मी समजून घेतलं असतं हो. उपाशी ठेवलं असतं तरी. पण नुसतं घरी यायचं होतं! मी तिकडं मोडक्या मनगटानं चरात निजत होते त्याच दिवसांत! मी त्याला त्या चढावर इतकं बोलले की समोरच्या डोंगरावरची गुराखी पोरं उभी राहून ऐकू लागली.

पावसाळ्याआधी चर पुन्हा सुरू झाले. आमच्या सात शेतांत खड्डे पडले, रोपं लागली. आणि ऐका, त्या रोपांना राखण पाहिजे होती. जीवरामनं शब्द टाकला आणि जंगलखात्यानं आमश्याला राखणदार म्हणून ठेवला. खाकी शर्ट, एक शिट्टी. आमच्याच शेतात आमच्याच गावच्या बाया सरपणाला शिरल्या की शिट्टी वाजवायची. तो शर्ट घालून घरी आला त्या दिवशी मी म्हटलं, हा पगार माझ्या चुलीवर शिजणार नाही. तो म्हणाला, "रान तरी दिसंस." निदान रान तरी दिसतं.

मी निघून आले. आधी साक्री, मग इथं जळगावात. मेहरूणला एक खोली आहे, पत्र्याची, आणि तुमची ही डाळ आहे.

तो वर्षातून एकदा येतो. मागच्या आखाजीच्या सणाला आला होता, खाकी शर्टातच, पिशवीत नागलीचं पीठ घेऊन. मी भाकरी थापल्या, वरण वाढलं. झाडं आता डोक्याच्या वर गेलीत म्हणाला. मोतीबाईच्या पोरीला दुसरा मुलगा झाला म्हणाला. मी ऐकत होते. मग माझ्या तोंडून गेलंच. इतकी वर्षं गिळलेलं होतं ते. म्हटलं, "त्या दिवशी स्टँडवरून घरी आल्यावर मला का नाही सांगितलंस? मी विचारलं होतं तुला. तेव्हाच कळलं असतं तर काहीतरी केलं असतं. मी अंगठा दिला असता त्या म्हाताऱ्या गार्डला, जमीन माझ्या नावावर झाली असती. एक शब्द सांगायचा होता रे."

त्यानं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. मग म्हणाला, "सांगितलं असतं, तर तू मला घरात ठेवलं असतंस?"

रुपचंदभाऊ, मी खोटं बोलायचा फार विचार केला. तोंडापर्यंत आलं होतं. हो म्हटलं असतं तर सगळा दोष त्याच्या पदरात राहिला असता, आणि मला तेच पाहिजे होतं. सात वर्षं मी एवढ्यावरच जगत होते, की जीवरामनं फसवलं, गावानं फसवलं, ह्यानं फसवलं. पण मी मला ओळखते.

"नाही," म्हटलं. "हाकललं असतं."

त्यानं मान हलवली, त्याला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असल्यासारखी. उरलेली भाकरी खाल्ली, ताट स्वतः घासून पालथं घातलं आणि पिंपळनेरची गाडी धरायची म्हणून उठला. पुढच्या आखाजीला ये म्हणावं की नको, हे माझं ठरेपर्यंत तो गल्लीच्या टोकाला पोचला होता.